पित्त

मासा साफ करताना आई बजावायची,
पित्त जपून काढ.
फुटलं तर अख्खं कालवण कडू.
हिरवट काळी पिशवी, करंगळीच्या नखाएवढी,
चिमटीत धरून मी परसात फेकायचो.
मांजरसुद्धा हुंगून परत यायचं.

आमच्या चर्चमध्ये एकाच चौकटीत तीन महादूत.
मिखाएलकडे तलवार.
तालमीत जाणाऱ्या आम्हा पोरांचा तोच लाडका.
गाब्रिएलकडे लिलीचं फूल आणि निरोप.
आणि तिसऱ्याच्या हातात मासा,
लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं नुकताच सुटल्यासारखा.
मी फिसकन हसलो. बाबांनी कान पिळला.
"राफाएल म्हंजे देव बरं करतो. नावातच हाय त्याच्या.
औषध कशातनं काढलं त्यानं? ह्याच्या पित्तातनं.
हसतोय गाढव."

बाबा, इनास सदामते,
उद्यमनगरच्या फौंड्रीत सव्वीस वर्षं
वितळल्या लोखंडाचा नुसता रंग बघून सांगायचे,
आता ओता.
मग दिव्यांभोवती कडी दिसू लागली,
रंकाळ्याचं पाणी आणि आभाळ एक झालं,
आणि शेवटी मी.
गालाला हात लावून म्हणाले,
"मिशी ठेवलीस व्हय?"

त्या दिवसांत गोष्ट रोज सांगायचे, आपल्या पद्धतीनं.
एक म्हातारा. बेवारशी मढी पुरायचा, पुण्याचं काम,
आणि त्याच्याच डोळ्यांत चिमणीची शीट पडावी!
पोरगा निघाला परमुलखात, अडकलेले पैसे सोडवायला.
सोबतीला एक अनोळखी गडी, रोजावर ठरवलेला.
मागनं घरचं कुत्रं.
"आणि पंख?" मी विचारायचो.
"पंख दिसलं असतं तर
म्हाताऱ्यानं रोजाची घासाघीस केली असती का?"

सीपीआरमध्ये नंबर सदतीस.
बाकाखाली एक कुत्रं झोपलेलं.
मी बाबांना सांगितलं, तर केवढे खूश झाले.
डावा डोळा उशीर करून आणलात, म्हणाले डॉक्टर,
उजव्याचं बघू.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
बाबा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.
मी तयारीत होतो, गळ्यात पडायच्या, रडायच्या.
"काढ ती मिशी," म्हणाले. "शोभत न्हाई."

पुढं सहा आठवडे थेंब.
माझी दुसरी पाळी, तेव्हा संध्याकाळचे थेंब घालायला
गल्लीतली नसरीन यायची, मुजावरांची,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.
वर बघा काका. हलू नका. झालं.
थेंब डोळ्यात, आणि कडू लागायचं घशाला.
बाबा तोंड वाकडं करून आनंदानं ओरडायचे,
"पित्तच की गं हे!"
तिला काय कळणार. ती हसायची, बाटलीचं टोपण लावायची,
आणि चहाचा कप तसाच भरलेला ठेवून निघायची.
पैसे तर नाहीतच.

एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी मला जवळ ओढलं.
आवाज खाली.
"बघितलास का कप? तो बी जेवायचा न्हाई.
जेवल्यासारखा नुसता दिसायचा. शेवटाला सांगितलं त्यानं."
"बाबा, रोजे चालू आहेत तिचे."
बाबा कपावरची साय बघत बसले.
"असू दे की," म्हणाले.
"तुला काय ठावं, त्याचं काय चालू होतं?"

ईदला तिच्या घरनं शीरखुर्मा आला.
ती समोर बसली, दोन वाट्या खाल्ल्या.
बाबा थोडे हिरमुसले, असं मला वाटलं.
मग त्यांनीच तिसरी वाढली.

परवाच्या रविवारी मिस्सा संपली,
माणसं पांगली,
बाबा त्या चौकटीपुढनं हलेनात.
उजवा डोळा काचेला टेकेल इतके जवळ.
मला वाटलं, आभार मानतायत.
म्हटलं मानू दे, रिक्षा थांबवून धरली.
दहा मिनिटांनी बाहेर आले, चप्पल घातली.
"मरळ हाय," म्हणाले.
"इतकी वर्षं मी रोहू समजत होतो."